मोकळ्या हातांची सिस्टर

कोळंबी निम्मी सोलून झाली होती. परातीत एका बाजूला सोललेली, दुसऱ्या बाजूला मिशा-शेपट्यांसकट तशीच पडलेली, आणि मधे संध्या पालशेतकरचे दोन ओले हात. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. पाहते तर ट्रस्टच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक अभय बेहेरे. तेही शनिवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी.

"सिस्टर, चार वाजता या. मयेकरबाई येणार आहेत, सुनेला घेऊन. आणि येताना ती वही आणा."

"कुठली वही?"

"कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे."

फोन तिकडून बंद झाला. संध्यानं परातीवर ताट झाकून ती फ्रिजमध्ये सरकवली आणि नळाखाली हात धरले. बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं, मग कोपरापर्यंत. घरातसुद्धा तिचे हात कधी मनगटाशी थांबले नाहीत. आळीतल्या बायका म्हणायच्या, ही नळाशी उभी राहिली की सगळ्यांची टाकी रिकामी.

आळीतल्या बायका निदान हसून म्हणायच्या. हॉस्पिटलात तिच्याविषयी हसून बोलणारंही कुणी उरलं नव्हतं.

संध्या मूळची जयगडची. बाप होडीवर, आई सुकी मासळी घेऊन बाजाराला. मिरजेला नर्सिंग करून आली, गुहागरकडच्या पालशेतकरांत पडली, आणि लहानग्या बाळांच्या अतिदक्षता खोलीत अठरा वर्षं उभी राहिली. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावणारी बाळं. काचेच्या पेटीत नाहीतर हीटरखाली निजलेली, नाकात नळी, पायाला वायर. पाच वर्षांपूर्वी ट्रस्टनं तिला पाळीतून काढून शिकवणारी सिस्टर केली. तेव्हापासून तिनं बाळांपेक्षा बाळांना लागणाऱ्या हातांकडेच जास्त पाहिलं. देव माणसाच्या हातून काम करून घेतो म्हणतात. पण ते हात धुतलेत की नाहीत हे बघायला कुणीतरी लागतंच, आणि असं बघणारं माणूस कुणाला आवडत नाही.

तिची शिकवायची तऱ्हाही अशी की नव्या मुलींना रडू यावं. जुन्या मऊ साडीची बाहुली शिवून तिच्या पोटात अकराशे ग्रॅम उकडे तांदूळ भरलेले. मान मुद्दाम लुळी ठेवलेली. नव्या मुलीनं ती बाहुली एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं तिचं दुपटं बदलायचं. मान मागं पडली की संध्या म्हणायची, "गेलं. पुन्हा." ओरडायची नाही, नुसतं "गेलं" म्हणायची. त्या एका शब्दापायी दोघी मुली नोकरी सोडून गेल्या.

पण खरी बोंब होती ती बांगड्यांची. खोलीत शिरायच्या आधी कोपराच्या खाली काही नको. घड्याळ नको, दोरा नको, अंगठी नको, बांगडी नको. इतर नियम लोकांनी कुरकुरत गिळले. बांगडीचा गळ्यात अडकला. लग्न होऊन आलेल्या मुलीचा हिरवा चुडा कासारानं घट्ट भरलेला असतो, तो काय रोज काढायचा आणि रोज भरायचा? आणि काढताना एखादी वाढली तर? फुटली असं कुणी म्हणतसुद्धा नाही, वाढली म्हणतात, इतकं त्याचं भय. संध्यानं यावरही उपाय काढला होता. बाजारातल्या कासारणीपाशी दोन दुपारी बसून, साबणाच्या पाण्यात हात बुडवून, अंगठ्याचं हाड आत दाबून घट्ट बांगडी अख्खी कशी उतरवायची ते शिकून आली. बेसिनशेजारी प्रत्येकीच्या नावाची स्टीलची डबी ठेवली. मुलींची बोटं ती स्वतः धरायची, एकेक बांगडी हलकेच काढायची.

त्यावरही बोलणं झालंच. कारण आठ वर्षांपूर्वी हातखंब्याला तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, आणि तेव्हापासून तिचे हात मोकळे. ज्या बाईच्या स्वतःच्या हातात बांगडी नाही, तिनं दुसरीच्या उतरवायच्या, हे पाहून लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको. समोर कुणी बोलत नसे. पाठ फिरली की बोलत.

आता वहीचं. ती दोनशे पानी साधी वही, औषधांच्या कपाटाच्या बाजूला खिळ्याला टांगलेली. ज्या मुलीच्या हातून काही चुकलं तिनं ते वहीत लिहायचं. काय झालं आणि कसं झालं, एवढंच. नाव लिहायचं नाही. बाळाचं जे काही झालं ते केसपेपरवर असायचंच, डॉक्टरांना आणि आईबापांना त्याच दिवशी सांगितलं जायचंच. वहीत फक्त कसं चुकलं ते. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्या मागच्या महिन्याची पानं वर्गात वाचायची, त्यावरून शिकवायची आणि सगळ्यांसमोर फाडून टाकायची. लिहिणारीला कुणी विचारायचं नाही, शिक्षा करायची नाही. तिनं तोंडानं दिलेला शब्द होता तो, आणि तिच्या हट्टापायी बेहेऱ्यांनी तो कागदावर उतरवून खाली सहीही केलेली होती. मुली तिला शिव्या द्यायच्या, पण वहीत लिहायच्या. पहिल्या वर्षी चार चुका लिहिल्या गेल्या, गेल्या वर्षी साठ. बेहेरे म्हणाले होते, "चुका वाढल्या की हो." ती म्हणाली, "चुका तेवढ्याच आहेत. लपवणं कमी झालं."

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या खालच्या मजल्यावर वर्ग घेत होती. वर सकाळपाळीला रसिका मयेकर होती. चोवीस वर्षांची, नोकरीत अजून कायम न झालेली, माघात लग्न झालेली. नवरा दीपक मच्छीमार होडीवर तांडेल, होडी हाकणारा. आणि सासू सोनूबाई, मासळीबाजारात जिची पाटी चुकवून कुणी पुढं जात नाही अशी. सोनूबाईच्या घरचा दंडक होता की होडी पाण्यात असेपर्यंत घरच्या सवाष्णीनं हात मोकळे करायचे नाहीत. म्हणून ती रोज सकाळी स्वतःच्या विटक्या लुगड्याचं फडकं घेऊन सुनेचा चुडा कोपराकडं सरकवून घट्ट बांधायची. वरून बाही. बेसिनपाशी संध्या उभी असली की रसिका कोपऱ्यात जाऊन फडकं सोडायची, बांगड्या डबीत ठेवायची. संध्या नसली की तशीच आत जायची.

त्या दिवशी तशीच आत गेली. हात धुताना फडकं भिजलं, सैल झालं. गुहागरकडचं अकराशे ग्रॅमचं बाळ उचलताना हीटरच्या पत्र्याला हात लागला. तासाभरानं दुपटं बदलायला घेतलं तेव्हा बाळाच्या पाठीखाली नखाएवढी हिरवी काच होती, आणि पाठीवर बारीक लाल रेघ.

देवाची कृपा, रेघ आठ दिवसांत भरली. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं. बाळाच्या बापाला संध्यानं स्वतः सांगितलं आणि त्याच्या शिव्याही स्वतःच खाल्ल्या. संध्याकाळी वहीत एक नवी नोंद होती. अक्षर कुणाचं ते तिनं ओळखलं, वही मिटली आणि खिळ्याला लावली. दुसऱ्या दिवशी रसिका आली ती फडकं न बांधता. बेसिनपाशी उभी राहून कुणी न सांगता बांगड्या उतरवायला लागली.

तसंच चाललं असतं. पण एका सकाळी उतरवताना दोन बांगड्या वाढल्या. घरी सोनूबाईनं मोजल्या. त्याच आठवड्यात दीपकच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि होडी दोन दिवस जयगडच्या बाहेर नुसती हेलकावत राहिली. माणसं सुखरूप आली. पण सोनूबाईला जे समजायचं ते तिनं समजून घेतलं.

मासळीची पाटी फाटकाशी ठेवून ती तडक वर आली. बेसिनपाशी संध्या होती.

"तूच ना गो ती पालशेतकरीण?"

"हो. बोला सोनूबाई."

"बोलायला नाय आले, विचारायला आले. माजा पोर पाण्यात होता तेवा माज्या सुनेचे हात उघडे कुणी केले?"

"मी केले. आत बाळं आहेत. देवघरात शिरताना तुम्ही सोवळं पाळता ना? हे तसंच समजा."

"सोवळ्यात बांगड्या काढत नायत. सोवळ्यात त्या लागतात. मला देव शिकवू नको." सोनूबाईनं आवाज खाली आणला, आणि तो खाली आलेला जास्त बोचला. "तुज्या हातातल्या गेल्या म्हणून सगळ्यांच्या उतरवायला निघालीस होय?"

आजूबाजूला पाच-सहा जणी होत्या. त्यांतल्या एकीनं मान वळवून हसू गिळलं. संध्यानं नळ सोडला आणि हात धुवायला घेतले, कारण त्या वेळी हातांना दुसरं काही काम देता येईना.

दुसऱ्या दिवशी सोनूबाईचा अंगठा लावलेला अर्ज बेहेऱ्यांच्या टेबलावर पोचला, आणि पाठोपाठ हॉस्पिटलातल्या चौदा जणींच्या सह्यांचा कागद. बांगड्यांची सक्ती बंद करा, शिकवणाऱ्या सिस्टर बदला. चौदांत मनस्वी होती, जिला संध्यानं बाहुली धरण्यापासून घडवलं ती. आणि गंमत अशी की परिचारिका दिनाच्या निमंत्रणपत्रिका छापून आलेल्या होत्या. बारा मे, मंगळवार. नवजात बाळांच्या सेवेबद्दल प्रशिक्षक सिस्टर संध्या पालशेतकर यांचा गौरव. शाल, श्रीफळ, मानपत्र.

संध्या पावणेचारलाच पोचली आणि कपाटाशेजारच्या खिळ्यावरून वही काढून घेतली. बेहेऱ्यांनी दार लोटून घेतलं.

"वही आणलीत?"

"आणली."

"मग ऐका. मी काही तुमच्या वाईटावर नाही. ते काचेचं पान रसिकाच्या हातचं आहे, हे मला कळलंय. तेवढं पान सासूच्या समोर ठेवा. तिचं तोंड बंद. नियम का आहे ते चौदा जणींनाही समजेल. नियम राहतो, तुम्ही राहता, मंगळवारी शाल खांद्यावर."

"आणि रसिका?"

"ती कायम नाही. पुढच्या महिन्यापासून नको येऊ म्हणायचं."

"मी मुलींना शब्द दिलाय. तुमची सही आहे खाली."

"सही मोडायला मीच सांगतोय." बेहेऱ्यांनी पाण्याचा पेला पुढं ढकलला. "पान दिलं नाहीत, तर माझ्याकडं फक्त तो अर्ज उरतो. मग चुडेवाल्यांना सूट द्यावी लागेल आणि तुम्हाला लसीकरणाच्या खोलीत बसावं लागेल. बघा बाई."

अशी कात्री होती ती. पान दाखवावं, तर उद्यापासून वहीत कुणी अक्षर लिहिणार नाही आणि चुका पुन्हा दुपट्याखाली जातील. न दाखवावं, तर उद्यापासून काच थेट आत जाईल. संध्यानं मनात गावदेव भैरीबुवाचं नाव घेतलं. देव अशा वेळी काही सांगत नाही, नुसता उभा राहतो.

सोनूबाई आली ती आधी बसली आणि मग "बसू का" म्हणाली. रसिका भिंतीशी उभी राहिली. तिच्या हातात नवा चुडा होता, दोन बांगड्या जास्तच भरलेल्या.

"रसिका," बेहेऱ्यांनी सुरुवात केली, "सिस्टरनी तुला बांगड्या काढायला लावल्या?"

"हो."

"तुझ्या मनाविरुद्ध?"

रसिकानं खाली पाहिलं. "हो."

दोन्ही खरंच होतं. बेहेऱ्यांनी हात पुढं केला. संध्यानं वही टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा तळवा उचलला नाही.

"वाचा. कसं झालं ते सगळ्यांनी ऐकावं. फक्त कुणाचं ते विचारायचं नाही."

बेहेऱ्यांनी पान शोधलं आणि वाचलं. "चुडा फडक्यानं कोपराकडं बांधला होता. फडकं ओलं होऊन सैल झालं. एक बांगडी वाढली ते कळलं नाही. बाळाच्या पाठीखाली काच मिळाली. पाठीला ओरखडा. परत असं करणार नाही. कुणाला करू देऊ नका." चष्म्यावरून त्यांनी पाहिलं. "हे अक्षर कुणाचं, सिस्टर?"

"वहीत नाव नसतं."

"जबाबदार कुणीतरी लागेल ना?"

"मग माझं नाव घाला. वर्ग माझा, बेसिन माझं."

बेहेऱ्यांना इतका राग आला की त्यांनी खरंच पेन उघडलं. "ठीक आहे. तसंच लिहितो. काच सिस्टर पालशेतकरांच्या हातून..."

"थांबा हो साहेब," सोनूबाई म्हणाली. "काय पण लिहिताय. हिच्या हातून काच कशी पडेल? हिच्या हातात बांगडी हाय कुठं?"

बोलून गेली आणि मग थांबली. बाजारात तीस वर्षं काढलेली बाई, माशाचा कल्ला पाहून तो कधीचा ते सांगणारी. तिला समजायला वेळ लागला नाही. फडकं, असं वाचलं होतं साहेबांनी. तिनं सुनेकडं पाहिलं. सून भिंतीकडं पाहत होती.

"केवढं होतं बाळ?" सोनूबाईनं विचारलं. कुणाला ते कळलं नाही.

रसिकानं उजवा तळवा उघडून दाखवला, आणि दुसऱ्या हाताचं बोट मनगटाच्या जरा वर टेकवलं. इथवर.

"हाय ना?"

"हो, आहे," संध्या म्हणाली. "गेल्या आठवड्यात घरी गेलं."

सोनूबाई उठली. टेबलावरचा अर्ज तिला वाचता येत नव्हता, पण स्वतःचा अंगठा ओळखता येत होता. तिनं तो कागद उचलला, चौघडी केली आणि कमरेच्या पिशवीत कोंबला.

"मयेकरबाई, अर्ज असा नेता येत नाही. आणि ही वही तुम्ही ऐकलीत..."

"कसली वही? मी अडाणी बाई. मी काय ऐकलं नाय." मग ती संध्याकडं वळली. "आणि तू. तू काय देव नाय लागून गेलीस. बांगड्या काढतेस ती काढतेस, वर आमच्या डोक्यावर उपकार चढवून ठेवलास. ते माज्यानं सोसवायचं नाय. बाजारात माज्या पाटीसमोर उभी राहू नको."

"बरं," संध्या म्हणाली.

सासू पुढं, सून मागं, दोघी बाहेर गेल्या. बेहेरे पेनचं टोपण उघडत-मिटत बसले. अर्जच नाही, तर सुनेला काढायला निमित्त नाही, आणि नियम बदलायलाही नाही. ज्याला गाजावाजा नको असतो त्याला असा निकाल चालून जातो. पण आपलं ऐकलं नाही हे त्यांना चाललं नाही.

"नियम राहू दे. तुम्हीही राहा. पण शाल मनस्वीला देऊ. चौदा सह्या अजून तशाच आहेत. तुमच्यासाठी टाळ्या कोण वाजवणार, सांगा मला. आणि वही यापुढं माझ्या कपाटात राहील. ज्याला लिहायचंय त्यानं इथं येऊन नावानिशी लिहावं."

"इथं कुणी येणार नाही."

"नको येऊ दे."

संध्यानं वही पुन्हा स्वतःकडं ओढली. "एप्रिल संपलाय. मागच्या महिन्याची पानं दुसऱ्या सोमवारी फाडायची असतात. सोमवारचं आज करते. त्यावरही तुमचीच सही आहे." शिवणीजवळ बोट दाबून तिनं सात पानं सावकाश काढली. बेहेरे खिडकीबाहेर पाहत राहिले. पानांचे तुकडे तिनं पर्समध्ये टाकले आणि वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. आता तीत मेमधल्या दोन नोंदी होत्या, दोन्ही औषधाला उशीर झाल्याच्या, दोन्ही तिच्या स्वतःच्या हातच्या, माणूस कमी पडून ती पाळीला उभी राहिली तेव्हाच्या.

जिन्यात रसिका उभी होती. सासू रिक्षा बघायला खाली गेलेली.

"सांगून टाकायचं होतंत," रसिका म्हणाली. तिच्या आवाजात आभार नव्हते. "नोकरी गेली असती, एवढंच. आता घरात आई बोलणार नाहीत. नुसत्या बघत राहतील. तुम्हाला काय त्याचं."

"सोमवारी सकाळपाळी आहे तुझी. नखं कापून ये. परवा डाव्या अंगठ्याचं राहिलं होतं."

रसिका उतरून गेली. खालून सोनूबाईचा आवाज आला, रिक्षावाल्याशी भांडत होती की सुनेशी, ते वर कळलं नाही.

आलीच आहे तर म्हणून संध्या बाळांच्या खोलीकडं गेली. आत शिरली नाही. दाराबाहेरच्या टेबलावर घरी गेलेल्या बाळांचं रजिस्टर असतं, ते उघडलं. टेबलापाशी बसलेली मुलगी उठून आत निघून गेली. चौदांतली असावी. गुहागरच्या बाळाची वजनाची तारीख काल होती. रकाना कोरा. तिनं तिथलाच फोन उचलून बापाचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सोळाशे ग्रॅमवर घरी गेलेलं बाळ, आठ दिवस झाले, दूध ओढतंय की नुसतं निजतंय, कुणाला ठाऊक नाही. बाप फोन उचलणार नाही, उचलला तर शिव्या देईल. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर बाप निदान बोलला असता, हेही तिला माहीत होतं.

उद्या रविवार. तिनं स्टोअरमधून झोळीचा वजनकाटा सही करून घेतला, तो पिशवीत घातला, आणि सकाळी गुहागरला पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारायला एस.टी. स्टँडवर गेली.